आकडा कुठून आला?

पाऱ्याच्या थर्मामीटरवर ९८.६ अंश फॅरनहाइटच्या खुणेपाशी एक छोटा बाण छापलेला असे. पारा झटकून खाली उतरवायचा, थर्मामीटर जिभेखाली किंवा काखेत धरायचा आणि पाऱ्याची रेघ बाणापुढे सरकली की ताप आला म्हणायचे, असा घरोघरचा शिरस्ता होता. पारा गेला, डिजिटल थर्मामीटर आला, तरी ९८.६ हा आकडा लोकांच्या तोंडी कायम राहिला. निरोगी माणसाचे तापमान म्हणून तो शाळेत पाठ होतो आणि पुढे कधी कोणी तो तपासत नाही.

या आकड्याचा उगम जर्मनीत सापडतो. लाइपझिगमधील डॉक्टर कार्ल वुंडरलिख यांनी सुमारे २५,००० रुग्णांच्या काखेतील तापमानाच्या नोंदींवर आधारलेला ग्रंथ १८६८ साली प्रसिद्ध केला. निरोगी शरीराचे तापमान सरासरी ३७ अंश सेल्सिअस असते, हा त्यातला निष्कर्ष. ते पहाटे सर्वांत कमी आणि संध्याकाळी सर्वांत जास्त असते, माणसामाणसात फरक असतो, हेही वुंडरलिख यांनी लिहिले होते आणि एका आकड्याऐवजी एक पट्टा दिला होता. पट्टा मागे पडला, ३७ उरले. त्याचे फॅरनहाइटमध्ये रूपांतर केले की बरोबर ९८.६ येते. मूळ सरासरीत दशांश चिन्ह नव्हते. ते रूपांतरातून आले. वाचणाऱ्याला मात्र वाटते की कोणी तरी अंशाच्या दहाव्या भागापर्यंत काटेकोर मोजून हा आकडा काढला असावा.

१९९२ साली अमेरिकेतील मेरिलँडमध्ये फिलिप मॅकोविअॅक आणि सहकाऱ्यांनी १४८ निरोगी माणसांचे तापमान ७०० वेळा मोजले. सरासरी ९८.२ आली. त्याहून महत्त्वाचे म्हणजे निरोगी तापमानाची वरची मर्यादा त्यांनी पहाटेसाठी ९८.९ आणि एकूण दिवसभरासाठी ९९.९ अशी सुचवली. म्हणजे संध्याकाळी ९९ दिसले म्हणून काळजीत पडलेल्या कित्येक घरांमध्ये ताप नव्हताच.

९८.६ हा आकडा कोणी रचलेला नाही. त्यामागे एका माणसाचे अनेक वर्षांचे कष्ट आहेत. पण ज्या अटींसह तो मांडला गेला त्या वाटेत गळून पडल्या आणि तो एकटाच पुढे गेला. सर्वतोमुखी झालेल्या बहुतेक आकड्यांची गत अशीच असते. म्हणून त्यांच्याकडे संशयाने पाहणे म्हणजे गळलेल्या अटी पुन्हा शोधणे: कोणी मोजले, नेमके काय मोजले, कोणामध्ये मोजले आणि कशासाठी. हे काम करायला संख्याशास्त्राची पदवी लागत नाही. चिकाटी लागते, आणि आवडता आकडा हातचा गेला तर ते सोसण्याची तयारी लागते.

दिवसाला आठ ग्लास पाणी प्यावे, हा सल्ला याचे ठळक उदाहरण आहे. अमेरिकेच्या अन्न व पोषण मंडळाने १९४५ साली प्रौढांसाठी दिवसाला अडीच लीटर पाणी पुरेसे मानले होते. खाल्लेल्या अन्नाच्या दर कॅलरीमागे एक मिलीलीटर असा तो हिशेब होता. त्याला लागूनच असेही म्हटले होते की यातले बरेचसे पाणी शिजवलेल्या अन्नातूनच मिळते. अडीच लीटर लक्षात राहिले, अन्नाचे वाक्य विसरले गेले. डार्टमथ येथील मूत्रपिंडाचे अभ्यासक हाइंझ वाल्टिन यांनी २००२ साली या सल्ल्याचा शास्त्रीय आधार शोधला. समशीतोष्ण हवामानात राहणाऱ्या, बैठे काम करणाऱ्या निरोगी माणसाने आठ ग्लास पाणी प्यायलाच हवे, असे सांगणारा पुरावा त्यांना मिळाला नाही.

मराठी स्वयंपाकघरात हे सहज पटते. शिजलेल्या भाताच्या वजनात दोन तृतीयांशाच्या आसपास पाणीच असते. काकडीत ते ९५ टक्क्यांच्या घरात जाते. आमटी, कढी, ताक, चहा हे सगळे पाण्याच्याच हिशेबात धरायचे. मात्र यावरून पाणी कमी प्यावे असा अर्थ काढला तर तीच चूक उलट दिशेने होईल. वाल्टिन यांचे म्हणणे निरोगी आणि बैठ्या माणसांपुरते होते. मूतखडा झालेल्या माणसाला डॉक्टर जास्त पाणी प्यायला सांगतात ते योग्यच आहे. मे महिन्यात विदर्भातल्या शेतात राबणारी बाई आणि पावसाळ्यात पुण्यातल्या वातानुकूलित कचेरीत बसलेला कारकून या दोघांना एकच आकडा लागू पडेल, हे मुळातच संभवत नाही.

रोज १०,००० पावले चालण्याच्या सल्ल्याचा जन्म प्रयोगशाळेत झालेला नाही. टोकियो ऑलिंपिकनंतरच्या वर्षी, १९६५ मध्ये, यामासा या जपानी कंपनीने पावले मोजणारे यंत्र बाजारात आणले आणि त्याला ‘मानपो-केई’ नाव दिले. ‘मान’ म्हणजे दहा हजार, ‘पो’ म्हणजे पाऊल, ‘केई’ म्हणजे मोजणारे. यंत्राचे नाव पुढे आरोग्याचा नियम होऊन बसले. २०१९ मध्ये आय-मिन ली आणि सहकाऱ्यांनी सरासरी ७२ वर्षे वयाच्या १६,७४१ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसाला सुमारे २,७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० पावले चालणाऱ्यांचे मृत्युप्रमाण ४१ टक्क्यांनी कमी आढळले. साधारण ७,५०० पावलांच्या पुढे फायदा वाढलेला दिसला नाही. या अभ्यासालाही तेच प्रश्न विचारायला हवेत. तो वयस्क स्त्रियांचा आहे. आणि चालल्यामुळे आयुष्य वाढते की मुळातच धडधाकट असलेली माणसे जास्त चालतात, हे अशा निरीक्षणातून पूर्णपणे वेगळे काढता येत नाही. पण गुडघे दुखत असताना १०,००० चा आकडा गाठता येत नाही म्हणून चालणेच सोडून दिलेल्या आजीला ४,४०० हा आकडा सांगणे नक्कीच मोलाचे आहे.

व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरांत फळ्यावर हमखास लिहिली जाणारी विभागणी अशी: संवादात शब्दांचा वाटा ७ टक्के, आवाजाच्या चढउताराचा ३८ टक्के आणि चेहऱ्यावरील व देहबोलीतील भावांचा ५५ टक्के. ही विभागणी अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ सालच्या दोन लहान प्रयोगांतून आली. त्यांत सुटे शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवले होते, चेहऱ्यांची छायाचित्रे दाखवली होती, आणि बोलणाऱ्याला समोरची व्यक्ती आवडते की नाही एवढेच ओळखायचे होते. शब्द एक सांगतो आणि सूर दुसरेच, अशा वेळी ऐकणारा कशावर विश्वास ठेवतो, एवढाच तो प्रश्न. भावना आणि आवडीनिवडी सोडून इतर बोलण्याला हे प्रमाण लागू नाही, हे मेहराबियन यांनी स्वतः स्पष्ट केले आहे. या बाबतीत घरबसल्या करता येण्यासारखी परीक्षाही आहे. बातम्यांचा आवाज बंद करून निवेदकाचा चेहरा पाहावा. ५५ टक्के बातमी कळायला हवी. प्रत्यक्षात एक वाक्यही कळत नाही.

काही दावे तर साध्या त्रैराशिकानेच पडतात. चीनची भिंत चंद्रावरून दिसते, हे कोणताही माणूस अवकाशात जाण्याच्या कितीतरी आधीपासून छापले जात होते. भिंतीची रुंदी ढोबळमानाने ६ मीटर आणि चंद्राचे अंतर ३,८४,००० किलोमीटर धरावे. याच प्रमाणात ०.०७ मिलिमीटर जाडीचा केस ठेवला तर तो सुमारे साडेचार किलोमीटरवरून दिसायला हवा. लोकलने दादर ते वांद्रे एवढे हे अंतर आहे. दादरच्या फलाटावर उभे राहून वांद्र्याच्या फलाटावरचा केस पाहण्याची ही गोष्ट. भिंत हजारो किलोमीटर लांब आहे हे खरे, पण केस लांब असून भागत नाही. दिसण्यासाठी जाडीही लागते. २००३ मध्ये पृथ्वीभोवती फिरून आलेले चीनचे पहिले अंतराळवीर यांग लिवेई यांनी तर, चंद्रापेक्षा कितीतरी जवळून, आपल्याला भिंत दिसली नाही असे सांगितले.

गैरसमज खोडणारी गोष्टही तितक्याच बारकाईने तपासावी लागते. पालकाची कथा यासाठी मुद्दाम सविस्तर सांगण्याजोगी आहे. पालकात लोह भरपूर असते, ही पहिली समजूत. ती खोडणारी दुसरी कथा अशी की एकोणिसाव्या शतकात एका जर्मन शास्त्रज्ञाच्या नोंदीत दशांश चिन्ह एक घर सरकले, लोह दहापट दिसले, आणि त्या चुकीवर विसंबूनच चित्रकथेतल्या पॉपाय नावाच्या खलाशाच्या हातात पालकाचा डबा आला. १९८१ साली टी. जे. हॅम्ब्लिन या डॉक्टरांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मधील लेखात ही कथा सांगितली. मात्र त्या कथेला त्यांनी आधार दिला नव्हता. त्यानंतर ती असंख्य पुस्तकांत आणि शोधनिबंधांत शिरली. तपासल्याशिवाय विश्वास ठेवू नये, हे शिकवण्यासाठीच ती सांगितली जाऊ लागली.

२०१० मध्ये माइक सटन या ब्रिटिश अभ्यासकाने मूळ कागद धुंडाळले. सरकलेल्या दशांश चिन्हाचा कुठेही पत्ता लागला नाही. १९३२ सालच्या पॉपायच्या एका चित्रपट्टीत मात्र पालक खाण्याचे कारणच दिलेले आढळले, आणि ते लोह नसून ‘अ’ जीवनसत्त्व होते. पुढे २०१४ मध्ये नॉर्वेचे ओले ब्यॉर्न रेकदाल यांनी ही कथा एका निबंधातून दुसऱ्यात कशी उतरत गेली ते दाखवले. मूळ लेख न वाचता दुसऱ्याच्या संदर्भयादीतून संदर्भ उचलायचा, ही विद्वानांची सवय त्यामागे होती. अशा रीतीने सावधगिरीचा धडा म्हणून सांगितली गेलेली गोष्टच तपासावाचून पसरली होती.

मग पालकात लोह किती? १०० ग्रॅम ताज्या पानांत साधारण २.७ मिलिग्रॅम. हे प्रमाण पालेभाज्यांत काही कमी नाही. परंतु वनस्पतीतील लोह शरीरात शोषले जाण्याचे प्रमाण मांसातील लोहापेक्षा कमी असते. आकडा दहापट होण्याची एक सरळ वाटही इथेच आहे. ताज्या पालकात ९० टक्क्यांहून अधिक पाणी असते. तोच पालक वाळवला की १०० ग्रॅम वजनामागे लोह जवळजवळ दहापट भरते. आकडा ताज्याचा की वाळलेल्याचा, हे लिहायचे राहिले की दशांश चिन्ह न हलताही घोटाळा होतो.

सरासरी ही अशाच घोटाळ्याची हुकमी जागा आहे. १९४१ ते १९५० या दशकात भारतातील सरासरी आयुर्मान सुमारे ३२ वर्षे होते. आकडा बरोबर आहे, पण स्वातंत्र्याच्या काळात माणूस तिशी ओलांडली की म्हातारा व्हायचा आणि लवकरच जायचा, असे त्यावरून सांगितले जाते तेव्हा बिनसते. समजा एका घरात दहा मुले जन्मली. चार वर्षभराची होऊन गेली आणि सहा जण ५५ व्या वर्षी वारले. चारांचे चार आणि सहांची ३३० मिळून ३३४ वर्षे. दहांनी भागले की ३३.४. त्या घरात तेहतिसाव्या वर्षी कोणीच मेले नाही. सरासरी खाली ओढली ती पाळण्यातल्या मृत्यूंनी. याउलट, पूर्वीची माणसे शंभर वर्षे जगायची असे म्हणणारे महर्षी धोंडो केशव कर्व्यांकडे बोट दाखवतात. ते १८५८ मध्ये जन्मले आणि १९६२ मध्ये, १०४ व्या वर्षी गेले. पण त्यांच्यासोबत जन्मलेली किती मुले पहिला वाढदिवसही पाहू शकली नाहीत, हे त्या दाखल्यात येत नाही. आज भारताचे सरासरी आयुर्मान ७० च्या आसपास आहे. म्हातारपण लांबले हे खरेच, पण या वाढीतला मोठा वाटा वाचलेल्या बाळांचा आहे, आणि तो देवी व गोवराच्या लशींनी, स्वच्छ पाण्याने आणि सुईणीच्या स्वच्छ हातांनी मिळवला आहे.

सरासरीतून निपजलेल्या एका जागतिक आकड्याला धक्का देणारा माणूस सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचा होता. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचे पहिले महासंचालक आणि नोबेल शांतता पारितोषिकाचे मानकरी लॉर्ड बॉइड ऑर यांनी १९५० साली लिहिले की मानवजातीचा किमान दोन तृतीयांश भाग जन्मभर भूक आणि कुपोषण सोसतो. पुढे कित्येक वर्षे हा आकडा भाषणांत आणि अग्रलेखांत येत राहिला. त्या काळी हाती असलेली जगाच्या अन्नाची माहिती मुख्यतः देशवार सरासरीची होती. एखाद्या देशाची सरासरी गरजेपेक्षा कमी म्हणून त्या देशातला प्रत्येक माणूस उपाशी धरायचा, तर त्यात जमीनदारही येतो. आणि सरासरी पुरेशी आहे म्हणून एकही उपाशी धरायचा नाही, तर मजूर निसटतो.

बुध गावचे ते पां. वा. सुखात्मे १९५१ पासून याच संघटनेत संख्याशास्त्राचा विभाग सांभाळत होते. देशाच्या सरासरीवर न थांबता घरोघरच्या आहाराच्या पाहण्यांत अन्न माणसामाणसांत कसे वाटले जाते, तिकडे त्यांनी लक्ष वळवले. १९६१ साली लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीपुढे त्यांनी आपला अंदाज मांडला: पोटभर न मिळणारे लोक जगात १० ते १५ टक्के. पोट भरले तरी सकस अन्न मिळत नाही अशांना धरले तर हे प्रमाण निम्म्यापर्यंत जाते, असेही त्यांनी सांगितले. भूक आणि कुपोषण या दोन वेगळ्या गोष्टी एका आकड्यात कोंबल्याने किती फरक पडतो ते यातून दिसले. दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत, म्हणून ही फोड करणे फार गरजेचे होते.

हा वाद पुढे पुण्यातच रंगला. गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी भारतातील दारिद्र्यावरचा आपला गाजलेला अभ्यास १९७१ मध्ये मांडला. माणशी रोज २,२५० कॅलरी ज्या खर्चात मिळतात, ती त्यांची रेषा होती. निवृत्तीनंतर पुण्यात काम करणाऱ्या सुखात्म्यांनी कॅलरीच्या अशा रेषांवर आक्षेप घेतला. माणसामाणसाची गरज वेगळी असते, एकाच माणसाची गरजही रोज सारखी राहत नाही. तेव्हा सरासरी गरजेलाच किमान मर्यादा मानले तर धडधाकट माणसेही उपाशी ठरतात. दांडेकर आणि इतर अर्थशास्त्रज्ञ याच्याशी सहमत नव्हते. कमी खाणारा माणूस गरज कमी म्हणून कमी खातो असे धरून चालले, तर ज्याला परवडतच नाही त्याची भूक हिशेबातून नाहीशी होते, हा विरोधातला मोठा मुद्दा होता. दोन्ही बाजूंच्या निष्कर्षांत अंतर फार होते, पण त्यांवर वाद होऊ शकला याचे कारण आकडा कसा काढला ते दोघांनीही उघड लिहिले होते. कोणते वर्ष, कोणती पाहणी, कोणती रेषा, सगळे कागदावर होते. ज्या आकड्याशी असे भांडता येते, त्यावरच विश्वासाचे काही काम सोपवता येते.

ज्याच्याशी भांडायला कागदच नाही, तो दावा ओळखण्याची खूण म्हणजे त्याची तारीख आणि ठिकाण. लॉर्ड मेकॉले यांनी २ फेब्रुवारी १८३५ रोजी ब्रिटिश संसदेत भाषण करून, भारतात आपल्याला एकही भिकारी किंवा चोर दिसला नाही आणि हा देश जिंकायचा तर त्याची शिक्षणपद्धती मोडावी लागेल, असे सांगितल्याचा मजकूर कॅलेंडरांवर, शाळांच्या भिंतींवर आणि आता व्हॉट्सअॅपवर फिरतो. त्या दिवशी मेकॉले लंडनमध्ये नव्हते. १८३४ पासून ते भारतात होते आणि त्या तारखेचे त्यांचे शिक्षणविषयक टिपण कलकत्त्यात लिहिलेले आहे. ते टिपण आजही वाचायला मिळते, आणि त्यात हा मजकूर नाही. संस्कृत आणि अरबी ग्रंथांविषयीची त्यांची तुच्छता मात्र त्यात स्पष्ट आहे. मेकॉलेंवर टीका करायला ती पुरेशी असताना बनावट भाषण वापरले की खरी टीका दुबळी होते. ‘जन गण मन’ला युनेस्कोने जगातले सर्वोत्तम राष्ट्रगीत ठरवल्याचा निरोपही असाच. अशी कोणतीही निवड केली नसल्याचे युनेस्कोने स्वतः सांगितले आहे. राष्ट्रगीताबद्दलच्या प्रेमाला अशा प्रमाणपत्राची गरजही नाही. ज्या गोष्टीने ऊर अभिमानाने भरून येतो, ती तपासायला हात उचलत नाही. त्यामुळे असे निरोप सर्वांत दूर जातात.

संशयाचा दुरुपयोगही होतो, आणि त्याचा इतिहास वेदनादायक आहे. डॅरेल हफ या अमेरिकी लेखकाचे ‘हाउ टु लाय विथ स्टॅटिस्टिक्स’ हे छोटे पुस्तक १९५४ मध्ये आले. फसवे आलेख, सोयीच्या सरासऱ्या, तोकडे नमुने हे सगळे त्यात इतक्या सोप्या भाषेत उलगडले होते की कित्येक पिढ्या आकड्यांकडे डोळसपणे पाहायला त्यातूनच शिकल्या. त्याच हफ यांनी १९६५ मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीपुढे सिगारेट उद्योगाच्या बाजूने साक्ष दिली. धूम्रपान आणि कर्करोग यांचा संबंध दाखवणारे आकडे विश्वसनीय नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते. त्या उद्योगासाठी धूम्रपानाच्या आकडेवारीवर एक नवे पुस्तकही ते लिहीत होते. ते प्रसिद्ध झाले नाही. एकत्र दिसणाऱ्या दोन गोष्टींत कार्यकारण असेलच असे नाही, हे तत्त्व बरोबर आहे. हफ यांनी ते वापरले ते मात्र समोरचा पुरावा पाहण्यास नकार देण्यासाठी.

तोच संशय रिचर्ड डॉल यांनीही बाळगला होता. लंडनमध्ये ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांच्यासोबत फुप्फुसाच्या कर्करोगाचा शोध सुरू केला तेव्हा मोटारींचा धूर किंवा रस्त्यांचे डांबर हे कारण असावे, असा त्यांचा अंदाज होता. इस्पितळांत रुग्णांना एकच ठरावीक प्रश्नावली दिली गेली आणि तुलनेसाठी त्याच वयाचे, दुसऱ्या आजाराचे रुग्णही घेतले गेले. १९५० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात फुप्फुसाचा कर्करोग झालेले ६४९ पुरुष होते. त्यांपैकी कधीच धूम्रपान न केलेले फक्त २ निघाले. दुसऱ्या आजाराच्या तितक्याच पुरुषांत असे २७ होते. एवढ्यावर न थांबता १९५१ पासून दोघांनी ब्रिटनमधील हजारो डॉक्टरांच्या सवयी आणि मृत्यू नोंदवायला घेतले. तो अभ्यास पन्नास वर्षे चालला. सतत सिगारेट ओढणारे सरासरी दहा वर्षे आधी मरतात, असे २००४ मध्ये त्यातून पुढे आले. डॉल स्वतः धूम्रपान करत असत. पहिला अभ्यास पुरा होण्याआधीच, समोर साठत चाललेल्या प्रश्नावल्या पाहून, त्यांनी ते सोडून दिले.